पेटंटच्या वर्गातली छत्री

मी एक जुनी काळी छत्री आहे; पण मित्रांनो, पावसाशी माझी ओळख बेताचीच. कारखान्यात घडले, दुकानात काही दिवस टांगली गेले आणि रत्नमाला मॅडमनी मला घरी न नेता थेट पुंडलिकनगरच्या त्यांच्या वर्गात आणलं. पेटंटचे अर्ज लिहिणारी माणसं इथे तयार होतात.

दर तुकडीला मॅडम एकच काम देतात, या छत्रीचा दावा लिहा. दावा म्हणजे वस्तूतलं नेमकं काय आपलं आहे, ते सांगणारं अर्जातलं वाक्य. मग मुलं मला उघडतात, मिटतात, काड्या वाकवतात. कौतुक होतं तेव्हा मीही फुशारते. वर्ग बंद असला की कपाटावर धूळ खात पडते आणि जीव खालीवर होतो. आता पडद्यावर चित्र दाखवतील, मला कोण विचारणार?

त्या शनिवारी मात्र मला स्वतःची नव्हे, तनुजाची काळजी लागली होती. ही चिकलठाण्याच्या कारखान्यात इंजिनिअर, सुट्टीच्या दिवशी आमच्या वर्गात शिकते. तिचे वडील कडुबा बिडकीनचे. कापूस वेचून झाल्यावर शेतात उरलेल्या पऱ्हाट्या उपटायचा एक चिमटा त्यांनी बनवला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी गावच्या कृषी प्रदर्शनात ते तो मांडणार होते. अर्जाआधी वस्तू लोकांना दाखवली की तिचं नवेपण जातं आणि पेटंट मिळत नाही, हे तनुजाला वर्गातच कळलं, तशी ती तडक गावी गेली. वडिलांना, पोत्यात गुंडाळलेल्या चिमट्यासकट, ती घेऊनच आली.

अर्ज तयार होता. अडलं ते दाव्यापाशी. चिमट्याच्या जबड्याला कडुबांनी आपल्या जुन्या मोटरसायकलची चेन लावली होती. तनुजानं दाव्यातून तीच वगळली. चेन लिहिली, तर उद्या कुणीही तिथे पट्टा लावून तोच चिमटा विकेल, हे ती परोपरीनं सांगत होती. लेक शिकली आणि बापाचीच करामत पुसायला निघाली, असं कडुबांना वाटलं.

"चेन नसंल तर मी सही करणार नाय," ते म्हणाले आणि हाताची घडी घालून बसले.

तनुजाचे डोळे भरून आले.

मॅडमनी मला उचलून कडुबांच्या हातात दिलं. "कडुबाभाऊ, हिच्यातलं एकेक काढा. छत्री राहणार नाही असं वाटलं, की थांबा."

कडुबांनी माझी मूठ पिळली. शिसवी लाकडाची, तेवढाच माझा दागिना. ती निघाली तेव्हा मला फार वाईट वाटलं. त्यांनी मला उघडलं, मी उघडले. मग दांड्यावर वरखाली सरकणाऱ्या कडीवर बोट ठेवून ते थांबले. ती काढली असती तर मी उघडलेच नसते. त्यांनी पोत्यातला चिमटा काढून ओढून पाहिला, तसा जबडा आवळला.

"वढलं की आवळतंय, तेवढंच माझं व्हय?" त्यांनी लेकीला हळूच विचारलं.

"व्हय आबा. तेच तर कुणालाच सुचलं नव्हतं. चेन अर्जातल्या वर्णनात ऱ्हाईल, दाव्यात नको."

कडुबांनी सही केली. अर्ज गेला, पोच आली, आणि तनुजानं टेबलावर डोकं टेकलं. सगळे निघाले. मी उघडीबोडकी तशीच पडून होते, कुणाच्या लक्षातही नव्हतं. कडुबा मात्र दारातून परत आले. त्यांनी मूठ उचलली, नीट बसवली, घट्ट पिळून पाहिली.

"हिच्याबिगर छत्री उघडती," ते म्हणाले, "पण माणसाला धरायला कायतरी लागतंच की."

मित्रांनो, तुम्ही नवं काही घडवाल तेव्हा जगाला दाखवायची घाई करू नका, आधी ते जपा. आणि दाव्यातून एखादी गोष्ट गाळावी लागली, तर ती ज्यानं हौसेनं लावली त्याच्याशी जरा सबुरीनं बोला.