फटीला कच्चा टाका

शिंपीणबाईंच्या न्हाणीघरात भिंत आणि फरशीच्या सांध्याला फट पडली, आणि त्यांच्या अंघोळीचं पाणी खालच्या रंगारीकाकांच्या छतातून ठिबकू लागलं. लेकीने फोनवर ठणकावलं, "रविवारपर्यंत थांबलं नाही तर कुलूप लावायचं आणि माझ्याकडे यायचं. तुझं काही ऐकणार नाही."

लेकीचं घर छानच होतं. पण चाळीस वर्षं जिथे मशीन चालवलं ती खिडकी सोडायची, म्हणजे बाईंच्या अगदी जिवावर आलं.

काकांनी सिलिकॉनची नळी आणि ती दाबायची बंदूक आणून दिली. "गुडघे वाकत नाहीत, नाहीतर मीच भरलं असतं."

"जीभ बरी वळते. सांगा तुम्ही, मी करते."

काकांनी दारातून सांगितलं तसं बाईंनी जुनं सगळं खरवडलं, फट कोरडी केली, नळीचं टोक तिरकं कापलं. काका खाली गेले आणि बाईंचा हात सवयीवर गेला. आधी वीतवीतभर अंतरावर एकेक ठिपका लावून घेतला, मग चहा प्यायल्या, मग वरून रेघ ओढली. तोवर ठिपक्यांवर साय धरली होती. रेघ त्यांच्यावरून उड्या मारत गेली. दुसऱ्या दिवशी खालून हाक आली, "बाई, ठिबकतंय हो!"

काकांनी येऊन रेघ पाहिली आणि कपाळावर हात मारला. "अहो, कच्चा टाका घातलात? हे काय झंपर आहे? एका दमात न्यायचं!"

"कच्च्या टाक्याशिवाय मी जन्मात काही जोडलेलं नाही," बाई पुटपुटल्या, आणि पुन्हा खरवडायला बसल्या.

शनिवारी सकाळी त्यांनी श्वास रोखला. लांब शिवण मारताना नजर सुईवर नाही, पुढे ठेवायची असते, तशीच ठेवली. रेघ या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यापर्यंत न थांबता गेली. साबणाच्या पाण्यात बोट बुडवून त्यांनी ती हलकेच दाबून घेतली.

रविवारी दुपारी लेक मोकळी बॅग घेऊन आली. काकांना छताकडे बघत पडायला सांगून तिने चार बादल्या ओतल्या. खालून चकार शब्द नाही. लेक जिना उतरून गेली, ती हसतच परत आली.

"त्या डागाखालीच घोरतायत. उशी कोरडी ठणठणीत!"

बाई तिथल्या तिथे पाटावर टेकल्या. लेकीने बॅगेची घडी घातली.

"राहा बाई तुझ्या घरात. पण पुढच्या रविवारी ये. माझं बेसिन गळतंय."

"नळी आणून ठेव," बाई म्हणाल्या. "आणि मध्ये चहा विचारू नकोस."