ऊसेपच्या अंगणातला कापा

ऊसेपच्या वडिलांनी एका जत्रेत असा काही कापा फणस खाल्ला, की त्याची आठळी खिशातून घरी आणून त्यांनी अंगणात पुरली. झाडाला पहिला फणस धरण्याआधीच ते वारले. तेव्हापासून ऊसेप चर्चच्या पायरीवर, चहाच्या टपरीवर, एवढंच काय, मयताला जमलेल्या लोकांनाही सांगत आला, की आपल्या झाडासारखा खुसखुशीत गरा साऱ्या केरळात नाही.

झाड बरक्याचं, मऊ बुळबुळीत गऱ्यांचं होतं. हे घरात फक्त त्याची बायको रोसम्मा जाणत होती, कारण फणस फोडायची ती. ऊसेपच्या कमरेच्या पांढऱ्याशुभ्र मुंडूला चाळीस वर्षांत चिकाचा डाग लागला नव्हता. गरे त्याच्यापुढे बशीतून यायचे. पहिला फणस फोडला तोच लिबलिबीत निघाला. पण बाहेर नवरा बापाच्या आठवणीने डोळे पुसत बसलेला, तिची जीभच रेटेना. तिने तो फणस गुपचूप कुंपणापलीकडे बीपात्तूला दिला. बीपात्तू गूळ घालून फणस आटवायची, तिला बरकाच हवा असे. बदल्यात तिच्या झाडाचा कापा इकडे आला, आणि मग दर उन्हाळ्यात येतच राहिला.

यंदा कृषी कार्यालयातल्या मॅडम आल्या. झाडाच्या काड्या नेऊन कलमं करायची आणि ऊसेपच्या वडिलांच्या नावाने गावभर वाटायची, असं ठरलं होतं. ऊसेपने पाद्रीबाबांसकट पंचवीस माणसं बोलावली. चारचौघांत नवऱ्याची शोभा होऊ नये म्हणून रोसम्माने सकाळीच बीपात्तूकडचे गरे परातभर काढून ठेवले. मॅडमनी खाल्ले, माना डोलल्या. पण नियमाप्रमाणे झाडावरचा एक फणस समोर फोडायला हवा, असं त्या म्हणाल्या.

"फोडू की," म्हणत ऊसेपने जन्मात पहिल्यांदा हाताला तेल लावलं.

सुरी लोण्यात शिरावी तशी आत गेली. गरा बोटांतून निसटला, चीक मुंडूवर ओघळला. पाद्रीबाबा खोकले.

ऊसेप बायकोकडे वळला. "तुला सांगून ठेवलं होतं झाडाला नीट खत घाल म्हणून. चाळीस वर्षं जपलेलं झाड बाईने नासवलं बघा."

रोसम्माने पदराला हात पुसले. इतकी वर्षं जिच्यापोटी याची लाज राखली, ती दया तिला त्या क्षणी फार महाग वाटली.

"मॅडम, परातीतले गरे आवडले ना? मग काड्या त्या झाडाच्या घ्या," ती म्हणाली. "कुंपणापलीकडे बीपात्तूच्या अंगणात आहे. चाळीस वर्षं हे त्याचंच कौतुक करतायत."

कलमं बीपात्तूच्या नावाने निघाली. ऊसेप तीन दिवस टपरीवर फिरकलाच नाही. चौथ्या दिवशी जेवण झाल्यावर रोसम्माने त्याच्यापुढे त्याच्या बापाच्या झाडाचे गरे ठेवले. त्याने एक गिळला, बराच वेळ बोटं पुसली, मग खाली मान घालून सगळी बशी संपवली.

"गोड आहे," तो म्हणाला. आणि थोड्या वेळाने, कुंपणाकडे न बघता, "पण बीपात्तूकडचा नाही का आला अजून?"

रोसम्माने तेलाची वाटी आणि सुरी त्याच्यापुढे सरकवली.

"मागून आणा. आणि फोडाही तुम्हीच."