अडवणारी

“रा!” गोलमधून पार्वतम्मा ओरडली, आणि रेणुका जागच्या जागी थांबली.

बचावातल्या बाकीच्या तिघी पुढे सरकल्या. चौघींनी एका रेषेत, एकदम पाऊल टाकलं की समोरची खेळाडू रेषेच्या मागे एकटी सापडते, ऑफसाइड होते, आणि लाइनमनचं निशाण वर जातं. या वेळी ते गेलं नाही. रेणुका मागे राहिल्यामुळे समोरची उंच मुलगी नियमात होती. चेंडू रेणुकाच्या डाव्या खांद्यावरून गेला. त्याच्यावरचे काळे ठिपके तिला स्वच्छ दिसले, इतका तो सावकाश गेल्यासारखा वाटला. जाळी हलली. आरडाओरडा त्यानंतर आला, दुसऱ्याच कुठल्या मैदानावरून यावा तसा.

फेब्रुवारीतलं नांदेड होतं. दुपार कलली होती आणि उडालेली धूळ खाली बसायचं विसरून गेली होती. वर दोन घारी पंख न हलवता फिरत होत्या. हल्ली मैदान रेणुकाला असंच दिसायचं, स्वच्छ पाण्याच्या तळाशी असल्यासारखं. धावणाऱ्या मुली तरंगत यायच्या, चेंडू हवेत हवा तितका वेळ थांबायचा. एवढी वर्षं खेळल्यावर मिळते ती शांतता हीच असावी, असं तिला वाटायचं.

सकाळी लातूरहून निघताना प्रशिक्षक उमाशंकर सर बसमध्ये तिच्या शेजारी येऊन बसले होते. पुढच्या मोसमात क्लब एकच स्टॉपर, म्हणजे गोलसमोरची मधली बचावपटू, ठेवणार, तू किंवा शिवांगी, असं त्यांनी सांगितलं. आजचा खेळ बघून नाव देणार होते. शिवांगी एकोणीस वर्षांची होती, रेणुका तेहेतीस. रेणुकाला आणखी एक मोसम हवा होता. त्यानंतर काय, याचा विचार ती करू शकत नव्हती. सामना किंवा सराव नसलेल्या दुपारी शरीर कुठे ठेवायचं असतं, हेच तिला माहीत नव्हतं.

तिचं गाव निलंग्याजवळ. लहानपणी धारेच्या वेळी वासरू अडवायचं काम तिच्याकडे असायचं. थोरल्या भावाला ते जमत नसे; तो वासरामागे पळायचा. रेणुका पळत नसे. वासरू कुठून निघणार तिथे ती आधीच जाऊन उभी असायची, आणि वासरू तिला बघून बिचकायचं. शाळेच्या संघात अकरावी मुलगी मिळेना, तेव्हा खेळाच्या गुरुजींनी तिला नुसतं गोलसमोर उभं राहायला सांगितलं. ती उभी राहिली. मग लातूर. तिथे खोलीतल्या इतर मुली डॉक्टर व्हायला आलेल्या. त्या पहाटे उठून सूत्रं पाठ करायच्या आणि रेणुका बूट घालून बाहेर पडायची. मग गोव्याचा क्लब, मग भुवनेश्वर, आणि आता परत लातूर. गोल करणारीचे फोटो छापून यायचे. रेणुकाच्या खेळाचा फोटो निघणं अवघड होतं, कारण तिचं काम नीट झालं की काहीच घडत नसे.

एकदा लग्नाची बोलणी करायला आलेल्या पाहुण्यांनी विचारलं होतं, फुटबॉलमध्ये पोरगी नक्की करते काय.

“अडवती,” आई म्हणाली. आईचं नाव साखराबाई, पण जिभेवर साखर कमीच.

“म्हणजे?”

“म्हणजे लोकायला पुढं जाऊ देत न्हाई.”

पाहुणे चहा पिऊन गेले ते गेलेच. आईने त्यांची पुन्हा चौकशीही केली नाही.

मध्यंतरात मुली पॅव्हेलियनच्या सावलीत येऊन बसल्या. एक गोल मागे. उमाशंकर सरांनी आवाज चढवला नाही. पाय जड झालेत का, एवढंच त्यांनी रेणुकाला विचारलं. आपण का थांबलो हे तिचं तिलाही कळलेलं नव्हतं. शिवांगी दोन हात लांब बसून बुटाची नाडी सोडत आणि बांधत होती.

तेवढ्यात पार्वतम्मा हातमोजे काढत जवळ आली. नेहमीच्या गोलकीपरचं बोट मोडलं म्हणून तिला या आठवड्यात पहिल्यांदाच संघात घेतलं होतं. इस्लापूरची पोरगी. घरात तेलुगू, शाळेत मराठी. सहस्रकुंडाच्या धबधब्याच्या आवाजावर आवाज काढायची लहानपणापासून सवय, त्यामुळे तिची हाक मैदानाच्या पार टोकाला पोचायची. सगळ्याच गोलकीपर ओरडतात तसं तिनेही रेषा पुढे नेण्यासाठी ‘अप’ ओरडायचं ठरलं होतं.

“अक्का, मी तुला बोलावून राहिले होते ना,” ती म्हणाली. “तू उलटी थांबलीस.”

“थांब म्हणलीस म्हणून थांबले.”

“मी कवा थांब म्हणले? मी रा म्हणले.”

“हाव की. रा म्हणलीस, म्हणून राहिले.”

पार्वतम्माने हातमोजा तोंडावर धरला. “अयो. आमच्या घरात रा म्हणजे ये. घाईत अप आठवलंच न्हाई.”

“आमच्यात गप रा, हितंच रा, घरी रा,” रेणुका म्हणाली. “समदं ऱ्हायाचंच.”

मुली हसायला लागल्या. एकीने विचारलं, मग पार्वतम्माचा नवरा निलंग्याचा मिळाला तर बिचारा उंबऱ्यातच उभा राहील का. रेणुकाही हसली. छातीवरचं ओझं उतरल्यासारखं झालं. पाय गेलेले नव्हते; एका अक्षराचा घोळ होता. यापुढे ‘वर’ म्हणायचं असं दोघींनी ठरवलं. वर या शब्दाला तेलुगूत काही भलताच अर्थ नाही ना, हेही रेणुकाने विचारून घेतलं.

उमाशंकर सरांनी सगळं ऐकलं होतं. तेही हसले. मुली पाणी प्यायला उठल्या तेव्हा ते रेणुकाजवळ टेकले.

“पटलं मला,” ते म्हणाले. “रा म्हणल्यावर कुणीबी थांबल. पण एक सांगू का? पहिले तू ऐकून निघत नव्हतीस. बघून निघायचीस. किपर ओरडायच्या आत तू वर असायचीस.”

रेणुकाने मोजे वर ओढले.

“अर्धा खेळ हाय अजून,” ते उठत म्हणाले. “बघू.”

त्यांचं म्हणणं खोटं असेल तर ते मैदानावर दिसेल, खरं असेल तरी दिसेल, असा विचार करत ती आत गेली. ऊन आता पिवळं झालं होतं. प्रत्येकीच्या पायाशी लांब सावली होती, आणि खेळाडूंपेक्षा सावल्याच जास्त धावत असल्यासारख्या वाटत होत्या. थोड्या वेळात लातूरच्या मुलींनी गोल फेडला. मग समोरच्या संघाचा हल्ला आला. उंच मुलगी सुटायच्या तयारीत होती.

“वर!”

चौघी एकदम सरकल्या. निशाण वर गेलं. निशाणाला टाळ्या मिळत नाहीत, पण बाकावरून सरांनी अंगठा दाखवला आणि मागून पार्वतम्मा ‘शाब्बास अक्का’ म्हणाली.

रेणुका जागेवर परत येताना आठवून बघत होती. पास देणारी आधी मान खाली घालते, मग तिचा पाय मागे जातो. निघायचं ते तेव्हा. ती मान, तो पाय आपण पाहिला होता का? तिने प्रामाणिकपणे शोधलं. आठवणीत फक्त पार्वतम्माचा आवाज होता.

पुढच्या हल्ल्याला तिने ठरवून नजर पास देणाऱ्या मुलीच्या पायावर ठेवली, दुसरीकडे कुठेही नाही. आजूबाजूचं सगळं विरघळलं. धूळ, सावल्या, प्रेक्षक. उरला फक्त एक पांढरा मोजा. आता मागे जाईल, आता. “वर,” पार्वतम्मा ओरडली आणि रेणुका निघाली. पाय मागे गेलेला तिला त्यानंतर दिसला. निशाण याही वेळी वर गेलं.

मैदानावर, बाकावर, कुणालाच हे कळण्यासारखं नव्हतं. बाहेरून दोन्ही वेळा सगळं बिनचूक दिसलं होतं. सर पुन्हा अंगठा दाखवत होते. मोसम जवळजवळ तिच्या हातात आला होता. पार्वतम्माचा आवाज होता तोवर तो निभावलाही असता. पण गर्दीचं मैदान असेल, आवाज पोचणार नाही, तेव्हा? तेव्हा चेंडू पुन्हा तसाच सावकाश, सुंदर खांद्यावरून जाईल आणि ती त्याच्यावरचे ठिपके बघत उभी राहील. ती शांतता अनुभवाची नव्हती, उशिरा दिसण्याची होती, हे आता तिला कळलं.

चेंडू बाहेर गेला तेव्हा तिने बाकाकडे बघून हात वर केला आणि दोन्ही मुठी एकमेकींभोवती फिरवल्या. बदली. सरांना ते समजलं नाही. तिने पुन्हा खूण केली. शिवांगी उठली, जर्सी खोचत रेषेपाशी आली. तिचा चेहरा घाबरलेला होता, जणू तिने काही चोरलं होतं.

“उंच पोरीच्या मागं लागू नको,” रेणुका तिला म्हणाली. “पास कोण देती, तिच्याकडं बघ.”

“आन् पार्वतम्मा ओरडल्यावर निघू?”

“तिच्या आधी निघ.”

शिवांगी आत पळाली. रेणुका बाकावर येऊन बसली. सरांनी विचारलं, कुठं लागलं का. तिने नकारार्थी मान हलवली.

“मग?”

“ऐकून निघाले, सर. दोन्ही येळंला.”

सरांनी पाण्याची बाटली उचलून तिच्या बाजूला ठेवली आणि तिला नीट बसता यावं म्हणून थोडे सरकले.

इतक्या वर्षांत तिने बचावाची रेषा बाहेरून कधी पाहिली नव्हती. आतून ती भिंतीसारखी वाटायची. इथून चार मुली दिसत होत्या, एकमेकींपासून बऱ्याच लांब, मध्ये नुसती उन्हातली धूळ. समोरून हल्ला आला. शिवांगी निघाली. पार्वतम्माची हाक मागून आली, निशाण वर गेलं, आणि प्रेक्षकांत कुणीतरी खोकलं.

बाकासमोरच्या मातीत रेणुकाचा उजवा पाय एक पाऊल पुढे गेला होता. तो शिवांगीच्या नंतर गेला होता, हाकेच्याही नंतर. तिने तो मागे घेतला नाही, तिथेच राहू दिला.