मिस वीडाचा बायबलचा तास

अमेरिकेच्या दक्षिणेतल्या आमच्या टॅलो क्रीक गावात कोर्टाचा हुकूम आला, की गोरी आणि काळी मुलं यापुढे एकाच सरकारी शाळेत बसतील. महिना उलटायच्या आत गोऱ्यांची खासगी शाळा उभी राहिली. बंद पडलेल्या तंबूच्या कारखान्यात वर्ग भरले. बाकं सरकारी शाळेतून आली, फळे आले, फुटबॉलचे करंडकही आले. कुणी कुणाला विचारलं नाही. या सगळ्यामागे मिस्टर क्लॉड हेस्टर होते. गावातली कापसाची जिनिंग त्यांची, त्यामुळे गावाचं मतही बरंचसं त्यांचंच असायचं. मी तिथे गणित शिकवायला लागले.

देवाचा या शाळेशी सुरुवातीला फारसा संबंध नव्हता. सामन्याआधी प्रार्थना व्हायची, तेवढाच. पुढे काही वर्षांनी करखात्याने विचारलं, की ही शाळा नेमकी कशासाठी काढली आहे. खरं उत्तर सगळ्यांना ठाऊक होतं, पण ते देऊन करमाफी गेली असती. तेव्हा वकिलाने नावात 'ख्रिश्चन' घालायला सांगितलं. पाटीवर जागा उरली नव्हती, म्हणून रंगाऱ्याने तो शब्द कोपऱ्यात बारीक अक्षरांत बसवला.

ख्रिश्चन शाळा म्हटल्यावर बायबलचा तास आला. त्यासाठी मिस्टर क्लॉडच्या बायकोची मावसबहीण सापडली. वीडा स्ट्रिकलंड कोरियातल्या मिशनच्या शाळेत बरीच वर्षं काढून नुकतीच परतली होती. एकटी, हळू बोलणारी, घरातलीच. तिचा बायबलवर खरोखरच विश्वास आहे का, हे मात्र कुणी विचारलं नाही.

तिने पहिल्या पानापासून सुरुवात केली आणि थंडी पडेपर्यंत मोशे संदेष्ट्याच्या गोष्टीपर्यंत पोचली. मोशेची बायको आफ्रिकेकडची, काळी. त्यावरून त्याची बहीण मिर्याम कुरकुरली, तेव्हा देवाने तिच्या अंगावर बर्फासारखं पांढरं कोड उठवलं. त्या संध्याकाळी भरल्या टेबलावर मिस्टर क्लॉडच्या नातीने, टेसने, विचारलं, "आजोबा, देवाने मिर्यामला पांढरं करून शिक्षा का दिली?"

आजोबांनी तिला मुकाट्याने जेवायला सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी शाळेच्या मंडळाची बैठक बोलावली. शिक्षकांतर्फे मीही तिथे होते.

"मिस वीडा, बायबल केवढं मोठं आहे! तुम्हाला नेमकं तेच कसं सापडतं?" मिस्टर क्लॉडनी विचारलं.

"तुम्हीच सांगितलंत, मिस्टर क्लॉड. पहिल्यापासून शिकवा, काही गाळू नका."

"सांगितलं असेल. पण मी काही ते सगळं वाचलेलं नाही."

हे ते अगदी प्रामाणिकपणे म्हणाले. कुणी हसलं नाही. मग असं ठरलं, की जुना करार, म्हणजे बायबलचा येशूच्या आधीचा भाग, बंद, फक्त येशू शिकवायचा. येशूमुळे कुणाच्या घरात वाद होणार नाहीत अशी मंडळाची समजूत होती.

वसंतात मिस वीडाने मुलांचं ईस्टरचं नाटक बसवायला घेतलं. येशू क्रूसाच्या ओझ्याने कोसळतो, तेव्हा शिपाई वाटेवरच्या शिमोनला धरून क्रूस त्याच्या खांद्यावर देतात. हा शिमोन आफ्रिकेतला. एखाद्या गोऱ्या पोराच्या तोंडाला काजळी फासायला मिस वीडाने साफ नकार दिला. मला म्हणाली, "गाडी काढ." आणि आम्ही शिमोनसाठी एखादा मुलगा मागायला रुळांपलीकडच्या काळ्यांच्या चर्चमध्ये गेलो. तिथले वडीलधारे, रॉस्को गेन्स, अंत्यविधीचं काम करायचे. त्यांनी आम्हाला सावलीत बसवलं, बर्फ घातलेला चहा दिला आणि शांतपणे सगळं ऐकून घेतलं.

"बाई, तुमचा हेतू चांगला आहे," ते म्हणाले. "पण तुमच्या लोकांचं ओझं आम्ही पुष्कळ वाहिलं. या ईस्टरला त्यांचं त्यांनाच उचलू द्या."

गाडीत मिस वीडा म्हणाली, "मी त्यांच्याकडे फक्त माझी अडचण घेऊन गेले. त्यांची विचारलीच नाही."

आम्ही घरी पोचायच्या आधी बातमी पोचली होती. नाटक रद्द झालं आणि सुट्टीनंतर मिस वीडाला परत बोलावलं नाही. बायबलचा तास फुटबॉलच्या कोचला दिला. तो खिडक्यांचे पडदे ओढून मागच्या सामन्यांच्या फिल्मा दाखवायचा. त्याच्याबद्दल एकाही पालकाची तक्रार आली नाही.

मिस वीडा सरकारी शाळेत टायपिंग शिकवायला लागली. तिथे वर्गात बायबल शिकवायला कायद्याने बंदी होती, आणि त्या बंदीने आपल्याला फार विश्रांती मिळाली, असं ती सांगायची.

नंतर मुलं कमी झाली, संघ हरायला लागला, आणि आमच्या शाळेला सगळी माणसं देवाचीच लेकरं असल्याचा साक्षात्कार झाला. पहिला काळा विद्यार्थी उत्तम धावायचा.

मिस वीडा ऐंशीची झाली तेव्हा बाहेरून आलेल्या तरुण मुख्याध्यापकाने पहिली बायबल शिक्षिका म्हणून तिचा सत्कार ठेवला. त्याला काहीच माहीत नव्हतं. संस्थापकांच्या श्रद्धेबद्दल दोन शब्द बोला, असा त्याने आग्रह धरला.

मिस वीडा उठली. "त्यांची श्रद्धा फार पक्की होती," ती म्हणाली. "मी ती हलवून पाहिली आहे." टाळ्या पडल्या. ती खाली बसली.

परतताना गाडीत मी विचारलं, एवढंच का बोललीस? ती खिडकीबाहेर बघत होती.

"इतकी वर्षं मनात भाषण तयार होतं गं," ती म्हणाली. "पण ज्यांना ऐकवायचं, ते सगळे गेले. या पोराने काय पाप केलंय?"