फोटोतल्या गाईचं वजन

गुरांच्या बाजारात मुंगी शिरायला जागा नव्हती. ओट्यावर बसलेल्या किलोमहाराजांनी मोबाइलमधल्या गाईच्या फोटोवर बोट टेकलं, डोळे मिटले आणि गर्जना केली, "तुम्हाला फोटोत कातडं दिसतं, मी तेज तोलतो! तीनशे बारा!"

गाय काट्यावर चढवली. तीनशे दहा.

"येताना दोन किलो शेण टाकलंन वाटतं," महाराज म्हणाले. टाळ्यांचा नुसता कडकडाट.

मी इथली जनावरांची डॉक्टर. मला हसू फुटलं, शेजारी उभ्या माझ्या कंपाउंडरलाही. बारा वर्षं ते माझ्या दवाखान्यात. मी त्यांना भाऊ म्हणते. माझ्या मुलीला सायकल त्यांनीच शिकवली.

हळूहळू लोक काट्याकडे फिरकेनासे झाले. महाराजांना फोटो पाठवायचा, आकडा घ्यायचा, त्या हिशेबानं औषध पाजायचं. कोपऱ्यावरच्या मावशींनी त्यांच्या गाभण शेळीचा फोटो पाठवला. उत्तर आलं, पंचेचाळीस किलो. मावशींनी तेवढं जंताचं औषध पाजलं. मी धावत पोचले तेव्हा शेळी फेस गाळत तडफडत होती. मेल्यावर तोलली. अठ्ठावीस भरली.

ती शेळी दवाखान्यात कधीच आली नव्हती. आणि महाराजांचे आकडे जुळायचे ते दवाखान्यात तोललेल्या जनावरांचेच! वजनांची वही आम्ही दोघंच हाताळायचो.

दुसऱ्या दिवशी भाऊ बाहेर गेलेले असताना एक बैल तोलला. दोनशे नव्वद. वहीत मुद्दाम चारशे दहा लिहिलं आणि मालकाला गप्प राहायला सांगितलं. पुढच्या बाजारात महाराजांनी त्या बैलाच्या फोटोवर बोट टेकलं, तेव्हा मी मनात म्हणत होते, दुसरं काहीही सांग बाबा.

"चारशे आठ!"

काट्यानं दोनशे नव्वद दाखवले. "याचं तेज जरा जड..." महाराज चाचरले. मी वही उघडून सगळ्यांसमोर धरली आणि भाऊंकडे पाहिलं.

"वजनं मी करायची, नाव डॉक्टरीणबाईंचं," ते पुटपुटले. "महाराजांनी मला गुरुबंधू म्हटलं. मी रोज संध्याकाळी आकडे कळवायचो."

"आणि माझ्या शेळीचा आकडा?" मावशींनी विचारलं.

"तो... त्यांनी अंदाजे सांगितला."

भाऊंना मान वर करता आली नाही. मला रडू आवरलं नाही.

फोटोवरून वजनाचा अंदाज बांधता येतो, पण फोटोत जनावराशेजारी मापाची काठी लागते आणि तो अंदाज काट्यावर पडताळावा लागतो. कुणी चमत्कार दाखवला, तर एवढंच विचारा: याला हे आधी कुणी सांगितलं? विचारताना आपल्या माणसाला वगळू नका. मी वगळलं होतं.