नारळाच्या दुधाची बाटली

परीक्षेच्या टेबलावर इर्मिनाने बाटलीचं झाकण उघडलं. नारळाचा वास, गोडसर.

बाटलीत कडू कसाव्याचा रस असायला हवा होता. काल मावशीच्या अंगणात भाकरीसाठी कसाव्याचा कंद किसला, वेताच्या लांब पिळणीत भरून पिळला, तेव्हा गळालेला पांढरा रस तिने धुतलेल्या रमच्या बाटलीत भरला होता. त्यात सायनाइड किती, ते पिवळ्या कागदी पट्टीवर उमटणाऱ्या लाल रंगावरून मोजून दाखवायचं, ही तिची शेवटची प्रात्यक्षिक परीक्षा. ती झाली की विज्ञानाची दोन वर्षांची पदवी हातात.

"काय गं, हुडुटचा बेत का?" शेजारच्या टेबलावरून काइला हसली. "दूध आणलंस, मासे विसरलीस!"

इर्मिना हसली नाही. म्हणजे सकाळी घाईत दुधाची तसलीच बाटली उचलली; रसाची घरी, फ्रीजमध्ये. आणि मावशी आज हुडुटच करणार होती: कुटलेली केळी आणि नारळाच्या दुधातले मासे, पोरीच्या परीक्षेसाठी. दूध पातेल्यात ओतण्याआधी मावशी ते तळहातावर घेऊन चाटायची, नासलं नाही ना बघायला. एरवी मावशीने कसाव्याचा रस झोपेतही वासावरून ओळखला असता, पण आठवडाभर सर्दीनं तिचं नाक बंद होतं. शिवाय तो रस घरात कोण ठेवतं? सगळं डांग्रिगा गाव तो कोंबड्यांपासून लांब, परसातल्या खड्ड्यात ओततं. फ्रीजमध्ये ठेवायची अक्कल फक्त विज्ञान शिकणाऱ्या पोरीला सुचली.

तिने घरी फोन लावला, तो वाजत राहिला. मावशीने उचलला नाही.

"आराना, बाहेर गेलीस तर परीक्षा परत पुढच्या वर्षीच," परीक्षक अशर सर तिला आडनावाने हाक मारत म्हणाले.

"हो सर," म्हणत ती दारातून पळालीसुद्धा.

सायकल हाणताना तिला पुस्तकातलं सगळं आठवत होतं, आणि त्याचीच भीती वाटत होती. रक्तात प्राणवायू भरपूर असतो, पण पेशींना तो वापरता येत नाही. आधी डोकं दुखतं, मग चक्कर येते, मग श्वास. उघड्या पातेल्यात रस खळखळून उकळला तर विष बरंचसं उडून जातं. पण तळहातावरचा थेंब कोण उकळतं?

अंगणात केळी कुटल्याचा आवाज नव्हता. मुसळ आडवं पडलं होतं. स्वयंपाकघरात पातेलं रटरटत होतं, ओट्यावर बाटली अर्धी रिकामी, आणि मावशी खुर्चीत डोळे मिटून.

"मावशी!"

"ओरडतेस काय? मेले नाही अजून." मावशीने एक डोळा उघडला. "लवकर सुटलीस?"

"बाटलीतलं चाटलंस?"

"चाटलं. कडू लागलं. पण सर्दीनं मला पाणीसुद्धा कडू लागतंय."

"थुंकलीस ना?"

"दूध कुणी थुंकतं का? गिळलं."

"आणि पातेल्यातलं? ते खाल्लंस?"

"तुझ्याआधी? कधी जेवलेय मी?"

इर्मिनाने गॅस बंद केला, विषारी वाफ बाहेर जायला खिडकी उघडली, मावशीला धरून अंगणात आणलं आणि कुंपणावरून शेजाऱ्याला गाडी काढायला ओरडली. "तो कसाव्याचा रस होता, मावशी. मी ठेवला होता."

मावशीने कपाळ दाबलं. मग हळूच म्हणाली, "तरीच डोकं ठणकतंय. मला वाटलं, सर्दी."

चाटलं तेवढं फार नाही, इर्मिनाने मनात हिशेब मांडला. पण कंद किती कडू होता हे तिला कुठं ठाऊक होतं? ते तर आज मोजायचं होतं.

इस्पितळाच्या वाटेवर मावशीचे डोळे पुन्हा मिटू लागले.

"मावशी, बोल ना."

"काय बोलू?"

"काहीही. मला शिव्या दे."

"त्या तर देणारच होते," मावशी म्हणाली आणि सुरू झाली: फ्रीज, कॉलेज, विष, गाढव पोरगी. इर्मिना तिचं मनगट घट्ट धरून ऐकत होती. मध्येच मावशी श्वास घ्यायला थांबली की तिचाही श्वास अडकायचा, पुढची शिवी ऐकू येईपर्यंत.