फाटकापुढची प्रार्थना

क्लीव्हलंडमधल्या त्या रस्त्यावर आम्ही राहायला आलो तेव्हा आम्हीच पहिले काळे. आमच्या जुन्या वस्तीवर, काळ्यांची म्हणून, बँकांनी म्हणे नकाशात लाल रंग फासला होता. छप्पर दुरुस्त करायलाही कर्ज मिळत नसे. म्हणून माझ्या नवऱ्याने, एझेलने, पोलादाच्या कारखान्यात डबल पाळ्या करून हे घर घेतलं.

माझ्या आईकडून आलेलं एक व्रत मी पाळते. पहाटे उपाशीपोटी वस्तीतून चालायचं, प्रत्येक दारापुढे थांबायचं आणि मान खाली घालून आतल्या माणसांसाठी देवाकडे मागायचं. आमच्या गावी, अलाबामात, लोक खिडकीतून सांगायचे, "माझ्या दम्याचंही घाल गं त्याच्या कानावर." इथे नुसते पडदे हलायचे.

थोड्याच दिवसांत एकेका अंगणात 'विकणे आहे'च्या पाट्या उभ्या राहिल्या. मी प्रत्येक दारापुढे जास्त वेळ थांबू लागले.

"लुवी, तू ज्यांच्यासाठी मागतेस ते निघूनच जातात," बुटांची नाडी बांधता बांधता एझेल म्हणाला. "जरा माझ्या मुकादमासाठी माग की."

मी हसले. पण आता गोऱ्यांपैकी शेजारची मिसेस कोव्हाच नावाची बाई तेवढी उरली होती. हंगेरीची, एकटी विधवा. मला फार काही नको होतं. कुंपणावरून 'आज वारा सुटलाय' म्हणणारी एक बाई हवी होती. ती ओसरीवर लाल मिरच्यांच्या माळा टांगायची आणि मी दिसले की आत जायची.

एका पहाटे मी तिच्या फाटकापुढे उभी असताना ती काठी टेकत बाहेर आली.

"बाहेरून काय मोजतेस? आत ये, खोल्या मोज."

"कसल्या खोल्या, बाई?"

"भोळेपणाचा आव नको. घरांचा दलाल सगळ्यांना सांगून गेलाय. ती काळी बाई रोज नातलगांसाठी घरं हेरते, पुटपुटत भाव ठरवते. जो मागे राहील त्याचं घर मातीमोल होणार."

"मी प्रार्थना करते," मी म्हटलं. "आमच्यात अशीच करतात, दारापुढे थांबून."

"आमच्यात चर्चमध्ये बसून करतात. लोकांच्या फाटकाशी नाही." मग तिने विचारलं, "माझ्यासाठी काय मागतेस?"

"तुमच्या गुडघ्याचं. पायरी उतरताना तुम्ही कठडा धरता."

तिने गुडघ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"हे आधी का नाही बोललीस?"

"तुम्ही आत जायचात."

"काल मुलाने घर विकायच्या कागदांवर सह्या घेतल्या माझ्या," ती म्हणाली. ओसरीवरून मिरच्यांची एक माळ काढून तिने कुंपणावर ठेवली. "रश्श्यात घाल. जपून, तिखट आहे."

आठवड्याभरात ती गेली. घर दलालानेच घेतलं. आता तो आमच्यातल्या लोकांना दुप्पट किंमत सांगतो आणि बँक या रस्त्यावरही कर्ज देत नाही. घर तसंच पडून आहे. ओसरीपर्यंत गवत वाढलंय.

"रिकाम्या घरासाठी काय मागतेस?" एझेल विचारतो.

आतल्या माणसांसाठी मागायचं, अशी रीत आहे आणि आत कोणी नाही. तरी मी थांबते. देवाला तिच्या गुडघ्याचं सांगते. तिच्या नव्या घराच्या पायऱ्यांना कठडा आहे की नाही, मला ठाऊक नाही.